हातातलं स्पष्ट, लांबचं धूसर

९ एप्रिल

चि. भोपू,

आशीर्वाद शेवटी देईन, उरले तर.

तुझी बायको काल दुपारी बॅग घेऊन माझ्या दुकानाच्या दारात उभी राहिली. मी एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही टाचत होते, तोंडात टाचण्या, बोलायची सोय नाही. ती म्हणाली, "वन्सं, मी राहायला आलेय." किती दिवस, असं मी भुवयांनीच विचारलं. तर म्हणते, "ते तुमच्या भावाला विचारा. घरात एक तर ते पिस्तूल राहील, नाहीतर मी."

पिस्तूल! मी टाचणी गिळता गिळता राहिले.

अरे, तुझं वय काय, तू करतोस काय? लहानपणी पलंगाची बस करून दिवसभर तोंडानं भोंगा वाजवायचास, म्हणून तुला आम्ही भोपू म्हणायला लागलो. ते तेव्हा शोभलं. मग जन्मभर खरी बस चालवलीस, डेपोत नाव कमावलंस, आणि आता बढती मिळून टेबलाशी बसलास. सगळं छान झालं. पण बढती मिळाल्यावर माणूस नवा सोफा घेतो, बायकोला कुठेतरी फिरायला नेतो. पिस्तूल कोण घेतं? साठी बुद्धी नाठी म्हणतात. तुला साठीपर्यंतसुद्धा धीर निघाला नाही.

ती सांगते, तू रोज संध्याकाळी बोळकंडीत उभा राहतोस, कोऱ्या भिंतीकडे हात ताणून, आणि रिकाम्या पिस्तुलाचा घोडा ओढत बसतोस. टक्. टक्. टक्. त्या भिंतीनं तुझं काय घोडं मारलंय? घरात शस्त्र नको, यात ती काही चुकीचं बोलत नाही. ऐकल्यापासून माझाही जीव थाऱ्यावर नाही.

शिवाय माझ्याकडे शाळांच्या गणवेशांचे दिवस. दोनच खोल्या, त्यातल्या एकीत दुकान. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! आल्या आल्या हिनं माझ्या बटणांच्या बरण्या अक्षरवार लावल्या. औषधांच्या दुकानात काम करते म्हणून बटणंसुद्धा 'अ' ते 'ज्ञ'? मी आयुष्यभर रंगानं बटणं शोधत आले. आज पांढरं बटण शोधायला मला बाराखडी म्हणावी लागली.

फोनवर तू "हो ताई, हो ताई" म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. कागदावर "हो ताई" लिहायला तरी लाज वाटेल. येत्या रविवारी गाडी काढ, ते खेळणं ज्याचं त्याला परत कर आणि हिला घेऊन जा. रस्ता तुझ्या पायाखालचा, डोळे मिटून येशील.

— ताई


१५ एप्रिल

ती. ताई,

हो ताई. (लाज वाटली नाही.)

आधी घाबरणं थांबव. ते पिस्तूल हवेवर चालतं, छर्ऱ्याचं आहे. घरी येतं ते रिकामं, पेटीला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात, आणि छर्रे क्लबच्या कपाटात. बारुदाचं खरं पिस्तूल क्लबच्या बाहेर जात नाही, आणि आमच्या कोचबाई मला अजून त्याला हातही लावू देत नाहीत. मी त्यांना मास्तरीणबाई म्हणतो. पहिल्या दिवशी त्यांनी मला नुसतं उभं राहायला शिकवलं. जन्मभर बसून नोकरी केलेला माणूस मी, उभं राहायलाच चुकत होतो.

क्लब म्हणजे एका गोदामाचं तळघर. लांबलचक खोली, एका टोकाला आमची टेबलं, दुसऱ्या टोकाला दिव्याखाली कागद टांगलेले, प्रत्येकावर काळं वर्तुळ. चक्रीच्या दोरीवरून आपला कागद आपणच मागवायचा आणि पाठवायचा. आता खरी गोष्ट ऐक. नळीच्या टोकाला एक बारीक खुंटी असते. नवखा माणूस लांबच्या वर्तुळाकडे बघत राहतो आणि चुकतो. बाई म्हणतात, "लांबचं धूसर दिसलं तर दिसू दे, हातातलं स्पष्ट बघ." खुंटी स्पष्ट दिसली की छर्रा बरोबर जातो. मला आधी पटेना. पण जातो, ताई, खरंच जातो.

आणखी एक गंमत. तिथे सगळेच एक डोळा झाकून असतात. माझ्या शेजारच्या टेबलाला एक दातांचे डॉक्टर, पलीकडे एक लिफ्ट दुरुस्त करणारा, एक कॉलेजातली मुलगी. सगळे एका डोळ्याचे. मला ती जागा फार आवडली.

बस चालवताना पाठीशी नेहमी माणसं भरलेली. कुणी उतरतंय, कुणी ओरडतंय, कुणाचं मूल रडतंय, आरशात तिघं आणि समोर सगळं गाव. इथे पाठीशी कुणी नाही. श्वास अर्धा सोडायचा आणि बोट हळू हळू ओढायचं. तेवढा वेळ डोक्यात काही नसतं.

रविवारचं जमणार नाही. गाडी गॅरेजात आहे, फाटकाला जराशी घासली. बसनं ये म्हणशील, तर आमच्याच डेपोच्या बसमध्ये मागे उतारू होऊन बसणं माझ्यानं व्हायचं नाही. सगळे ड्रायव्हर ओळखीचे.

हिला म्हणावं, परत ये. मला करमत नाही. पण पिस्तूल सोड म्हणू नकोस. दुसरं काय हवं ते माग.

— तुझा भोपू

ता. क. काचेचे पेले ही कुठल्या दुकानातून आणते तेवढं विचार. काही फुटले आहेत.


२३ एप्रिल

भोपू,

"दुसरं काय हवं ते माग" म्हणे! मोठा आलाय दानशूर. मला माझी दुसरी खोली हवी आहे. देतोस?

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचून दाखवलं. ही इस्त्री करत होती. काळं वर्तुळ झालं, खुंटी झाली, तोवर नाक मुरडत ऐकत होती. "सगळेच एक डोळा झाकून" इथे आले आणि हिची इस्त्री थांबली ती थांबलीच. मला करपल्याचा वास आला तेव्हा कुठे हिनं हात उचलला. एका शाळकरी पोराच्या नव्या कोऱ्या विजारीवर अख्खी इस्त्री उमटली आहे. ती विजार मला पुन्हा शिवावी लागणार. मी तोंड उघडणार तेवढ्यात ही विचारते, "तब्येतीचं काही लिहिलंय का?" मी म्हटलं, त्याच्या तब्येतीला काय धाड भरलीय? पेले फोडण्याइतका धडधाकट आहे. तर "काही नाही" म्हणून आत गेली.

आता मला एक सांग. तुझ्या पत्राची वाट ही नव्या नवरीसारखी बघते. टपालवाल्याची सायकल वाजली की हिचा हात थांबतो. मग पत्र आलं की "मला काय त्याचं" असं तोंड करते. जिला एवढी ओढ आहे तिनं घर सोडलं कशाला? आणि ज्याला करमत नाही तो न्यायला का येत नाही? म्हणे गाडी घासली! पंचवीस-तीस वर्षं शहराच्या गर्दीतून बस काढणारा माणूस स्वतःच्या फाटकाला गाडी घासतो? कुणाला सांगतोस?

तिचंही काही खरं नाही. रजेवर आहे, पण काल दुकानाला फोन करून हळू आवाजात विचारत होती, "ती बाटली पुलापलीकडे पाठवलीत ना? लेबल मी लिहून ठेवलंय तेच लावा." अगं, दुकान चालेल की तुझ्यावाचून! जग कुणावाचून अडत नाही, हे ह्या घरात मला एकटीलाच माहीत आहे.

एका हातानं टाळी वाजत नाही, भोपू. तुमच्या दोघांत काहीतरी आहे, आणि दोघंही माझ्यापासून लपवताय. माझं मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पिस्तूल सोडतोस की नाही? एका शब्दात कळव.

— ताई


८ मे

ती. ताई,

नाही.

एका शब्दात कळवलं. आता बाकीचे शब्द वाच, तुला हसू येईल.

क्लबची स्पर्धा झाली. मास्तरीणबाईंनी माझं नाव आपणहून घातलं. आम्ही दहा जण ओळीत उभे. मी इतका शांत होतो की सांगायची सोय नाही. प्रत्येक छर्ऱ्याला खुंटी लख्ख, बोट लोण्यासारखं. मनात म्हटलं, भोप्या, आज तुझा दिवस आहे. वेळ संपली, सगळ्यांनी दोऱ्या ओढल्या, कागद जवळ आले. माझा कागद आला तो कोरा करकरीत. एक भोक नाही.

शेजारच्या दातवाल्या डॉक्टरांचा कागद मात्र चाळणी झालेला. ते आधी आपल्याच कागदाकडे कौतुकानं बघत राहिले. मग त्यांनी भोकं मोजली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ही मधली सगळी तुमची वाटतं?" ताई, मी सगळे छर्रे त्यांच्या कागदावर मारले होते! आणि मारले तेही मधोमध. नियमानं मला शून्य, त्यांना नुसता मनस्ताप. सगळा क्लब पोट धरून हसला. मास्तरीणबाई तेवढ्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हात उत्तम आहे. उभं राहायची दिशा पुन्हा बसवू."

सोबत फोटो पाठवतोय, स्पर्धेआधी काढलेला. ओळीतला डावीकडून तिसरा मी. चष्म्यावर पांढरी झापड आहे ती डोळा मिटून मिटून थकू नये म्हणून, सगळेच लावतात. माझ्या शेजारी उभ्या आहेत त्या बाई.

हिला फोटो दाखव. म्हणावं, बघ, कुणालाही मारत नाहीये, साधा माणूस साध्या माणसांत उभा आहे.

— भोपू

ता. क. गाडी अजून गॅरेजात.


१३ मे

भोपू,

मला हसू आलं नाही.

डोळे फुटले होते का तुझे? दहा कागद ओळीनं टांगलेले, आपला कुठला आणि लोकांचा कुठला एवढं दिसत नाही? उद्या ते बारुदाचं पिस्तूल हातात देतील आणि तू दातवाल्याच्या कागदाऐवजी दातवाल्यालाच मारशील! आणि वर मला लिहितोस, मधोमध मारले. दुसऱ्याच्या ताटात चांगलं वाढलं म्हणून आपलं पोट भरतं का रे?

आणि ह्या मास्तरीणबाई. बऱ्याच तरतरीत दिसतात. खांद्यावर हात ठेवून उभ्या आहेत तुझ्या. आता कळलं मला बोळकंडीतल्या टक् टक्‌चं इंगित! मी हिला म्हटलं, "बघ, हे प्रकरण आहे. तू आधीच सांगायचंस ना." तर ही माझ्याकडे अशी बघायला लागली की मीच वेडी. म्हणाली, "वन्सं, काहीतरीच काय!" आणि हसली. इथे आल्यापासून पहिल्यांदा हसली. मग फोटो उजेडात नेला, माझ्या टेबलावरचं भिंग घेऊन बराच वेळ बघितला, आणि हसू गेलं. फोटो घेऊन ती कपडे घालून बघायच्या पडद्याआड जाऊन बसली. बाहेर गिऱ्हाईक फ्रॉक हातात धरून ताटकळतंय, आत तुझी बायको. मी काय सांगायचं लोकांना?

बाहेर आली तेव्हा डोळे लाल. म्हणाली, "त्यांना एवढंच विचारा. पिस्तूल सगळ्यांच्या उजव्या हातात आहे आणि झापड डाव्या डोळ्यावर. ह्यांचंही पिस्तूल उजव्याच हातात. मग ह्यांची झापड उजव्या डोळ्यावर का?"

मी म्हटलं, तो लहानपणापासून उफराटाच आहे, चपलासुद्धा उलट्या घालायचा. पण तिनं हट्टच धरला, म्हणून विचारते. का रे?

— ताई


३ जून

भोपू,

उत्तर नाही. फोन लावला तर वाजून वाजून बंद.

मी तुला शिव्या देते, तू मला उत्तर देतोस, ही आपली लहानपणापासूनची रीत. ती तू मोडायची नाहीस. मी काही वावगं लिहिलं असेल तर तसं कळव, म्हणजे मी आणखी चार वावग्या गोष्टी लिहीन. पण गप्प बसू नकोस. हिनं जेवण टाकलंय. दिवसभर शिवलेल्या गणवेशांच्या घड्या घालते आणि पुन्हा उलगडून पुन्हा घालते.

शनिवारपर्यंत पत्र आलं नाही तर दुकानाला कुलूप लावून मी येते. ऐन गणवेशांच्या दिवसांत! पोरं उघडी शाळेत गेली तर त्याचं पाप तुझ्या माथी.

— ताई


५ जून

ती. ताई,

येऊ नकोस. सांगतो.

मला उजव्या डोळ्यानं दिसत नाही. अगदी अंधार नाही. कडेला थोडा उजेड आहे, मधे काही नाही. काचबिंदू. डॉक्टर म्हणतात तो गुपचूप येतो, दुखत नाही, खुपत नाही. गेलेली नजर परत येत नाही. डावा राखायचा म्हणून रोज थेंब घालायचे, जन्मभर.

बढती वगैरे काही नव्हती. गेल्या हिवाळ्यात स्टँडवर बस लावताना उजवीकडचा खांब मला दिसलाच नाही. आरसा तुटला, कुणाला लागलं नाही. गाडीत उतारू होते, ताई. त्या दिवशी मी स्वतःच्या पायांनी डेपोच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी तपासलं आणि माझ्या हातातून स्टिअरिंग काढून घेतलं. बरोबर केलं. मग मला टेबलाशी बसवलं, आणि घरी येऊन मी हिला म्हटलं, बढती झाली. हिनं त्या संध्याकाळी नवी चादर घातली, दिवे लावले, शेजाऱ्यांना सांगून आली. त्यानंतर कुठल्या तोंडानं सांगू?

तू विचारशील, बायकोपासून काय लपवायचं. ती दिवसभर काउंटरवर आजारी माणसांना औषधं देते, कसं घ्यायचं ते दहादा समजावते. घरी आली की पाय वर घेऊन बसते आणि माझ्याशी गावभरच्या गप्पा मारते. मी सांगितलं असतं तर मीही काउंटरच्या पलीकडचा झालो असतो. म्हणून थेंबसुद्धा तिच्या दुकानातून घेत नाही, पुलापलीकडे जाऊन आणतो. पेले त्यामुळेच फुटतात. एका डोळ्याला अंतर कळत नाही. ठेवायला जातो टेबलावर आणि पेला पडतो टेबलाच्या अलीकडे. फाटक, गाडी, सगळं तेच.

त्या तळघरात मी आधी सहज गेलो होतो, एका उतारूनं कधीतरी दिलेल्या पत्त्यावर. बघितलं तर सगळे एक डोळा झाकून उभे. मास्तरीणबाईंना मी सांगितलं, त्या म्हणाल्या, "मग काय झालं? इथे दुसऱ्या डोळ्याचं कामच नाही." आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन म्हणतात. मला दोन होते, त्यानं एक परत घेतला, आणि ही एकच जागा सापडली जिथे एक पुरतो. आता सांग, ती कशी सोडू? उजव्या हाताचा माणूस डाव्या डोळ्यानं नेम धरतो म्हणून अंग जरा तिरकं होतं, तेवढं सांभाळलं नाही की छर्रे दातवाल्याकडे जातात. बस्स.

हिला सांगू नकोस. मी सांगेन, माझ्या वेळेनं. तुला माझी शपथ.

— भोपू


११ जून

भोपू,

"डोळे फुटले होते का" हे शब्द मी परत घेते. तुझं पत्र वाचून ते आठवले आणि मशीनवर बसून मी रडले. "उफराटा" परत घेत नाही. "गाढव" मी लिहिलं नव्हतं, ते आता लिहिते. गाढवा, मला तरी सांगायचंस! मी काय काउंटरवर बसते?

शपथ मी पाळली. हिला एक अक्षर बोलले नाही. पत्र चोळीत खुपसलं आणि शिवायला बसले. पण अशी शिलाई मी शिकत असतानाही घातली नव्हती. विजारीचे दोन पाय एकमेकांना जोडले. ही आली, मशीनचं चाक हातानं थांबवलं आणि म्हणाली, "लिहिलं का त्यांनी शेवटी? उजवाच ना?"

भोपू, हिला सगळं माहीत आहे! तू माझ्या दारात घोडं धाडलंस त्याच्याही कितीतरी आधीपासून!

मी एवढ्यानं ओरडले की वरच्या मजल्यावरच्यांनी खिडकी उघडली. "तुला माहीत होतं, मग घर सोडून इथे कशाला आलीस? माझ्या बटणांची वाट लावायला?" तर खाली मान घालून म्हणते, "मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, वन्सं. किती दिवस वाट बघायची? म्हटलं पिस्तुलावरून भांडावं. भांडणात माणूस मनातलं बोलून टाकतो. पण हे भांडलेच नाहीत. पिस्तूल सोडा म्हटलं तर पेटीला कुलूप लावून किल्ली गळ्यात घातली आणि गप्प. मग बॅग भरली. वाटलं, दारापर्यंत जाईतो तरी बोलतील. मग वाटलं, बसस्टँडपर्यंत. मग इथे पोचले."

म्हणजे तू सांगशील म्हणून ती थांबली आणि तिला कळू नये म्हणून तू. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आणि मधल्या मधे माझं दुकान म्हणजे तुमची धर्मशाळा. मला दोघांचे कान धरून डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली. एकच डोकं जवळ होतं, म्हणून सोडून दिलं.

मग तुझं पत्र चोळीतून काढून हिच्या हातात दिलं, शपथेत आता उरलंच काय होतं? हिचं पत्र सोबत आहे. मी वाचलेलं नाही. (वाचलं. पाकीट मीच चिकटवलं, न वाचता कशी चिकटवू?)

आशीर्वाद. बघ, उरले.

— ताई


(सोबतचं)

तुम्हाला,

मायना काय लिहावा कळत नाही, म्हणून एवढंच.

तुम्ही थेंब आणता ते पुलापलीकडचं दुकान ती बाटली ठेवत नाही. एकच गिऱ्हाईक आहे, म्हणून दर वेळी आमच्याकडून मागवतं. पहिल्यांदा मागणी आली तेव्हा मी गिऱ्हाइकाचं नाव विचारलं, आणि बराच वेळ बाटली हातात धरून उभी राहिले. समोर रांग होती. काचबिंदूचे थेंब कुणाला कशासाठी देतात ते मला सांगायला नको. मग बढती कसली ते कळलं.

मी त्या संध्याकाळी काही बोलले नाही. वाटलं, आज सांगतील. तुम्ही पाणी ओतायला लागलात आणि धार पेल्याच्या बाहेर जायला लागली, तेव्हा मी पेला धारेखाली सरकवला. तुम्हाला वाटलं, बरोबर पडलं. त्यानंतर रोज सरकवत आले. मी इथे आल्यापासून पेले फुटतात म्हणता, ते का फुटतात ते आता कळलं ना?

मला पिस्तुलाचा राग नाही. त्या बाईंना सांगितलंत आणि मला नाही, याचा राग आहे. खूप आहे. मी तुम्हाला काउंटरच्या पलीकडे उभं केलं असतं असं तुम्हाला वाटलं, त्याचा त्याहून जास्त.

प्रत्येक बाटलीचं लेबल मी स्वतः लिहिलंय. 'सकाळी एक थेंब, झोपताना एक.' इथूनही दुकानात फोन करून तेच लावायला सांगितलं. माझं अक्षर तुम्ही लग्नाआधीपासून ओळखता. म्हटलं, एक दिवस बघतील, ओळखतील आणि विचारतील. इतके दिवस रोज हातात धरता, एकदाही बघितलं नाहीत.

तुमच्या मास्तरीणबाई काय शिकवतात? लांबचं धूसर दिसलं तर चालेल, हातातलं स्पष्ट बघा. चांगलं शिकवतात. त्यांना माझा नमस्कार सांगा.

— मी


१४ जून

तुला,

मलाही मायना सुचत नाही.

पत्र वाचलं आणि न्हाणीघरातल्या फळीवरून बाटली काढून खिडकीपाशी नेली. डाव्या डोळ्याजवळ धरून बघितली. 'थेंब'मधला तुझा तो वाकडा 'थ'. रिकाम्या बाटल्या मी टाकल्या नव्हत्या, तुला कचऱ्यात दिसतील म्हणून जुन्या बुटांच्या खोक्यात लपवल्या होत्या. त्या सगळ्या काढल्या. सगळ्यांवर तोच 'थ'. किती वेळ तिथेच जमिनीवर बसलो ते सांगत नाही.

मी चुकलो. दुसरं काही लिहिता येत नाही.

पिस्तूल सोडत नाही. पण बोळकंडीत भिंतीकडे तोंड करून उभं राहणं सोडतो. पुढच्या वेळी तू क्लबात ये, बघ मी कसा उभा राहतो. मास्तरीणबाई म्हणाल्या, दिशा बसली की बारुदाचं देईन. तेव्हा तू शेजारी असलीस तर माझा कागद कुठला ते सांगशील, दातवाल्यांचीही काळजी मिटेल.

ताईला म्हणावं, तिची खोली शनिवारी रिकामी होते. मी सकाळच्या बसनं येतोय. गाडी आता चालवणार नाही, ती विकून टाकू. डेपोत सांगून ठेवलंय. माझ्याच हाताखाली शिकलेला पोरगा त्या बसवर आहे. म्हणाला, काका, पुढच्या सीटवर बसा. मी म्हटलं, नाही रे, येताना दोन जागा ठेव, मागच्या.

आणि एक काम आहे. हात माझा स्थिर आहे, त्या बाईंनाही विचार. एवढ्या लांबचं काळं वर्तुळ मला लागतं. पण बोटभर अंतरावरचा माझाच डोळा मला लागत नाही. रोज अर्धे थेंब गालावर जातात. ते तू घालत जा.

बाटली सोबत आणतो.

— मी